कवड्यांचा जोगवा

सोलापुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच आहे. तरीही आमच्या घराने तीन पिढ्या समुद्रावर पोट भरलं. आमचं दुकान देवीच्या सामानाचं. परड्या, हळद-कुंकू, खण, देवीचे टाक, आणि मुख्य म्हणजे कवड्या. तुळजापूरच्या रस्त्याला लागणारी माणसं जाता जाता आमच्याकडे थांबतात. अक्कलकोटकडून येणारे यल्लम्माचे भक्त कन्नडमध्ये घासाघीस करतात, आणि मंद्रूपच्या बाजारातले दुकानदार बैलांच्या माळांसाठी कवड्या घेऊन जातात. मी समुद्र पाहिलेला नव्हता. वडिलांनीही नाही. समुद्र आमच्याकडे पोत्यातून यायचा, दक्षिणेकडच्या एका व्यापाऱ्याकडून, ट्रान्स्पोर्टच्या गाडीने.

पोतं आलं की वडील स्वतः शिवण उसवायचे. आतून एक जड, खारट, कुजकट वास यायचा. दुसऱ्या कोणी नाकाला रुमाल लावला असता, पण वडील हात जोडायचे आणि म्हणायचे, समुद्राचा वास आला. आम्हा भावंडांनाही हात जोडायला लावायचे. मग कवड्या टबात भिजवायच्या, धुवायच्या, गच्चीवर ताडपत्रीवर पसरायच्या. त्या दिवसात गच्चीवर कावळे फार यायचे आणि त्यांना हाकलायचं काम माझ्याकडे असायचं. कवड्यांवर कावळे कशाला येतात, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

वाळल्या की निवड सुरू व्हायची. ज्यांच्यावर तकाकी आहे, बोट फिरवलं तर काचेसारख्या गुळगुळीत लागतात, त्या देवीच्या. ज्या मळकट, खरबरीत, त्या बैलाच्या, बाळाच्या पाळण्याच्या, सारीपाटाच्या. देवीच्या माळेत मळकट कवडी गेलेली गिऱ्हाइकाला चालत नसे आणि आईला तर मुळीच नाही. आई दगडावर कवडीची पाठ घासून भोक पाडायची. तिचा हात इतका बसलेला होता की बोलता बोलता ती टोपलीभर कवड्या घासायची.

आमची सगळ्यांची ठाम समजूत अशी होती की कवड्या किनाऱ्यावर पडलेल्या असतात. लाट येते, टाकून जाते, लोक वेचतात. चमक ही देवीची कृपा. आत काही राहत असेल, ते काही खात असेल, त्याला पिल्लं होत असतील, असं मनात यायचं कारणच नव्हतं. रानात काय कुठे उगवतं हे बी पाहून सांगणारी माणसं आम्ही, पण पाण्याच्या बाबतीत ठार आंधळी.

आई आराधीण होती. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिच्या सासूने आपल्या गळ्यातली माळ काढून तिच्या गळ्यात घातली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी अंघोळ करून, कपाळभर मळवट भरून ती परडी घ्यायची आणि पाच घरी जोगवा मागायची. घरात दुकान चालू असताना आई दारोदार पीठ-मीठ मागते, याची शाळेत असताना मला लाज वाटायची. पुढे लाज गेली आणि नुसती सवय राहिली.

आमच्या घरात माळेचा एक नियम आहे. ती जिवंत गळ्यातून जिवंत गळ्यात जाते. माळ गळ्यात असताना आराधीण गेली तर देवीचा हात घरावरून सुटला, असं धरतात. आईला मरणाची भीती नव्हती, पण माळ गळ्यात घेऊन मरण्याची होती, आणि ते ती उघड बोलून दाखवायची. माळ कोणाला द्यायची हे मात्र केव्हाच ठरलेलं होतं. माझी मुलगी नवसाची. ती जन्मली त्या दिवशीच आईने तिचं नाव देवीच्या पायाशी सांगितलं होतं, आणि मुलीनेही शाळेत असल्यापासून ते मान्य केलं होतं. आजीवर तिचा जीव होता. माळ म्हणजे तिला आजीचाच भाग वाटायचा.

ही मुलगी मोठी होऊन समुद्रातले जीव शिकायला गेली. मी तिला पुष्कळ चिडवलं. तुला पाणीच पाहिजे होतं तर उजनी धरण काय कमी होतं, म्हणालो. ती हसली आणि गेली. आता ती दक्षिणेकडे एका किनाऱ्यावर काम करते. तिथे पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत. ओहोटीला ती पाण्यात उतरते, ठरलेल्या जागेत कोणकोणते जीव दिसतात ते मोजते, तुटलेल्या प्रवाळाचे तुकडे पुन्हा लावते. उन्हाने काळी ठिक्कर झाली होती. घरी आली की तिची आई आधी तिच्या केसांकडे बघून हळहळायची.

गेल्या वर्षी नवरात्राच्या बऱ्याच आधी ती सुटीवर आली होती तेव्हाची गोष्ट. आई जिना उतरत असताना तिची माळ दाराच्या कडीत अडकली आणि तुटली. कवड्या जिन्यावरून खाली, दुकानापुढच्या रस्त्यावर गेल्या. आम्ही धावत जाऊन वेचल्या, पण काही गाड्यांच्या चाकाखाली चुरा झाल्या होत्या. आई जिन्यातच बसून राहिली. तिचं हृदय सुजलेलं आहे, जिने चढू-उतरू देऊ नका, असं डॉक्टरांनी तेव्हा नुकतंच सांगितलं होतं. तिला त्याचं काही नव्हतं. माळ अपुरी झाली आणि अपुरी माळ पुढे देता येत नाही, एवढंच तिला दिसत होतं.

मला त्यात अवघड काही वाटलं नाही. कवड्यांच्या दुकानात कवड्यांना काय तोटा. मी नव्या पोत्यातल्या सगळ्यात तेजस्वी कवड्या निवडून ताटात घेऊन आलो आणि आईपुढे ठेवल्या. मुलगी शेजारी बसली होती. तिने एक कवडी उचलली, उलटी करून पाहिली, नाकाजवळ नेली आणि परत ठेवली. म्हणाली, या नको.

मग तिने जे सांगितलं ते मी आजवर अनेकदा मनाशी उगाळलं आहे. कवडी हे एका गोगलगाईसारख्या प्राण्याचं घर असतं. तो जिवंत असताना आपलं अंग बाहेर काढून दोन्ही बाजूंनी कवडीवर पांघरतो, आणि त्यानेच तिला ती तकाकी राहते. प्राणी मेला की कवडी वाळूत घासते, उन्हात विटते आणि मळकट होते. म्हणजे काठावर आपोआप सापडते ती आमची बैलाची कवडी. देवीची कवडी जिवंत प्राण्यासकट उचलावी लागते. वाळूत पुरून ठेवतात, आतलं कुजून जाईपर्यंत. मग धुऊन पोत्यात भरतात.

"पप्पा, आजोबा ज्याला समुद्राचा वास म्हणायचे ना," ती म्हणाली, "तो हाच."

मी चिडलो. वडिलांचे जोडलेले हात डोळ्यांपुढे आले आणि तिने त्यांचा अपमान केला असं वाटलं. मटण खातेस ना, म्हणालो. देवीला बोकड पडतो तो चालतो ना. गोगलगाईचाच एवढा कळवळा कशाला. तिने आवाज चढवला नाही. बोकड माणूस पाळतो, वाढवतो, त्याची पैदास करतो, ती म्हणाली. यांना कोणी वाढवत नाही, नुसतं काढतात. आणि काढताना प्रवाळाचे दगड उलटे करतात आणि तसेच टाकून जातात. दगडाखाली सावलीत जे जगतं ते उन्हात मरतं, आणि वर जे उजेडात जगतं ते खाली दबून मरतं. पाणी आता पूर्वीपेक्षा तापतं, प्रवाळ पांढरे पडतात, ट्रॉलरची जाळी तळ खरवडून नेतात. त्यात हे. तिच्या कामातला एक भाग म्हणजे नुसतं ओहोटीला जाऊन उलटलेले दगड पुन्हा पहिल्यासारखे ठेवणं. वेचणाऱ्या बायाही गरीबच आहेत, त्यांनाही हल्ली फारसं सापडत नाही. काही जणींनी मिळून खडकाचा एक पट्टा न शिवता सोडून दिला आहे आणि त्यावर त्याच पहारा देतात, असंही तिने सांगितलं.

मी विचारलं, मी पोतं आणणं बंद केलं तर तुझा समुद्र वाचेल का. नाही, ती म्हणाली. शेजारचा दुकानदार आणेल ना. आणेल. मग माझ्याच पोटावर पाय कशाला?

"मला रोज तिथे पाण्यात उतरायचं असतं," ती म्हणाली. "त्यांचीच माळ घालून कशी उतरू? माळ मी घेणार आहे. आजीची जुनी माळ मला पाहिजे. पण हे पोतं ज्या घरात येत राहणार, त्या घरची म्हणून नाही घेणार."

मी म्हणालो, मग घेऊच नकोस. हे बोलताना आई पलंगावर बसून सगळं ऐकते आहे, याचं मला भान राहिलं नाही. मुलगी सुटी संपवून गेली तोवर आम्ही दोघे एकमेकांशी कामापुरतंच बोललो. अक्कलकोट रोड स्टेशन गेलं असा तिचा मेसेज तेवढा आला.

ती गेल्यावर आईने एक दिवस मला जवळ बसवलं आणि म्हणाली, तिला सांग, ते जितं कसं दिसतं ते मला दाव. मुलीने फोनवर एक छोटी फिल्म पाठवली. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. फोन नाकाला लावला तरी तिला काही दिसेना. मग मला वर्णन करून सांगावं लागलं. मी सांगत गेलो. दगडाच्या खाली कवडी आहे. आता तिच्या पोटातून काळसर, ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी बाहेर येतंय. दोन्ही बाजूंनी वर चढतंय. मधोमध मिळालं. आता कवडी दिसत नाही.

"पदर घेती व्हय," आई म्हणाली.

तिने ते पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदा सांगताना मला जाणवलं की माझा आवाज खाली आला आहे. पन्नाशी उलटलेला माणूस मी, जन्मभर जी वस्तू हाताळली ती हलताना पहिल्यांदा पाहत होतो आणि आंधळ्या होत चाललेल्या आईला सांगत होतो.  तरीही पोतं बंद करायचं मनात आणलं नाही. माणूस हेका धरतो तेव्हा आपण बरोबर आहोत असं त्याला वाटतच असतं असं नाही.

आईने मात्र नव्या कवड्यांच्या ताटाला हात लावणं सोडलं. तुटलेली माळ तिने सुताने कशीबशी गाठ मारून गळ्यात ठेवली होती. पायांवर सूज चढत होती. झोपताना ती माळ मुठीत धरायची आणि बायकोला सांगायची, रात्री मला काय झालं तर आधी ही काढ. बायको बाहेर येऊन रडायची. मी मुलीला फोन करून म्हणालो, आजीसाठी ये आणि घे ती माळ, वाद नंतर घालू.  ती म्हणाली, आजीशी खोटं वागू का, तुम्हीच सांगा. मी फोन ठेवला.

नवरात्र तोंडावर आलं असताना एका मंगळवारी आईने अंघोळ केली, मळवट भरला आणि परडी मागितली. जोगवा मागणं तिने आजारपणात बंद केलं होतं. डॉक्टरांचं नाव काढलं तर ती ऐकेना. बायको तिचा हात धरून बरोबर गेली, म्हणून पुढचं मला तिच्याकडून कळलं. आईने त्या दिवशी पीठ-मीठ घेतलं नाही. प्रत्येक दारात ती म्हणाली, घरात जुनी कवडी पडलेली असंल तर घाल.

आणि जुन्या कवड्या निघाल्या. कोणाच्या घरी सारीपाट केव्हाच मोडला होता, पण कवड्या डब्यात होत्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तेलुगू विणकरांच्या घरात पाळण्याला बांधलेली कवड्यांची दोरी सापडली. त्या घरातली मुलं आता हैदराबादला संसार करतात. एका बाईने ट्रंकेतून तिच्या वारलेल्या सासूच्या माळेतल्या कवड्या काढल्या आणि देताना तिला हुंदका आला. त्या कवड्यांना कोणी विचारलंच नव्हतं इतक्या वर्षांत. सगळ्या कवड्या पिवळट, काही टवके उडालेल्या. पूर्वी आईने असल्या बैलाच्या ढिगात लोटल्या असत्या.

चार घरं झाली. दुकानात तेव्हा तुळजापूरला चालत निघालेल्या माणसांची गर्दी होती. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत आमचा खरा धंदा. मी माळा दाखवत होतो, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, आई राधा उदो उदो. आवाज फाटलेला होता, पण मी तो ओळखला. आई दुकानाच्या पायरीखाली रस्त्यावर उभी होती. नेहमी ती बाजूच्या दाराने सरळ आत येते. आज ती परक्याच्या दारात उभं राहावं तशी उभी होती, दोन्ही हातांत परडी धरून.

गिऱ्हाइकं बाजूला झाली. काहींनी वाकून तिच्या पायांना हात लावला. मी म्हणालो, आई, उन्हात कशाला, आत ये. ती हलली नाही. मला वाटलं हिला कवड्या हव्यात. मागच्या खोक्यात पडलेल्या जुन्या, विटलेल्या मूठभर कवड्या काढून मी पायरी उतरलो आणि परडीत टाकल्या. तिने त्या एक एक चाचपून उचलल्या आणि माझ्या हातात परत दिल्या.

"कवड्या पुऱ्या झाल्या," ती म्हणाली. "तुज्याकडं मी फुडचं पोतं मागती. जे अजून समुद्रातच हाय, ते दे."

मला राग आला, हे मी लपवत नाही. भर गर्दीत, धंद्याच्या दिवसात, माणसांपुढे. मी हळू आवाजात म्हणालो की आपण घरी बोलू. ती म्हणाली, घरी तू माजा ल्योक हाईस, हितं मी आराधीण हाय.  नुसती उभी राहिली. पाय सुजलेले, बायको मागून कंबरेला धरून. आमच्याकडे आराधिणीला दारातून रिकामी पाठवत नाहीत. शत्रूची असली तरी नाही. हे सगळं जग आम्हीच तर विकतो, परडीपासून माळेपर्यंत. तेच आता माझ्या पायरीशी येऊन उभं होतं आणि माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती.

मी तिथेच उभा राहून व्यापाऱ्याला फोन लावला. दिवाळीनंतरचा माल पाठवू नका, म्हणालो. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, दुसरीकडे स्वस्त मिळाला का. मी म्हणालो, नाही, आता कधीच नको. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली आणि परडी कपाळाला लावली. एका गिऱ्हाइकाने हसून विचारलं, मग आम्ही माळा कुठून घ्यायच्या. मी शेजारचं दुकान दाखवलं. त्या हसण्याने माझा संताप झाला होता, पण त्याची काही चूक नव्हती.

आजही शेजारच्या दुकानात तकाकीच्या माळा टांगलेल्या असतात आणि लोक तिथे जातात. आमच्याकडे परड्या, कुंकू, खण चालतात. घरातल्या जुन्या माळा आणून दिल्या तर आम्ही नव्या सुतात ओवून देतो. ते काम हळूहळू वाढतं आहे, पण पहिल्यासारखं नाही. राहिलेलं अर्धं पोतं मागच्या खोलीत पडून आहे. विकवत नाही आणि टाकवतही नाही. मुलगी म्हणते तिच्या पट्ट्यात यंदाही पाणी तापलं आणि बरेच प्रवाळ गेले. तिच्या बोलण्यात आता थकवा असतो.  दगड सरळ करत राहा, एवढंच मी म्हणतो.

ती अष्टमीला आली. आईच्या उशाशी बसून तिने माळ ओवली. आईच्या जुन्या कवड्या आणि पाच घरांतल्या, नव्हे, चार घरांतल्या. एकीसारखी दुसरी नाही. म्हातारपणी तोंडात दात राहतात तशी ती माळ दिसत होती. आईने ती बोटांनी सगळी फिरवून पाहिली. खरबरीत कवड्यांवर तिचं बोट थांबायचं आणि पुढे सरकायचं. मग तिने ती एकदा स्वतःच्या गळ्यात घातली, नियमाप्रमाणे, आणि तिथून काढून मुलीच्या गळ्यात घातली. तिचे हात फार वर जात नव्हते म्हणून मुलीने मान खूप खाली घातली. मला दोघींकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

त्यानंतर आई थंडी पडेपर्यंत होती. जन्मभराची सवय, तिचा हात सारखा गळ्याकडे जायचा. तिथे काही सापडायचं नाही. क्षणभर ती घाबरायची, मग तिला आठवायचं, आणि तिचा चेहरा निवायचा. दिवसातून कितीदा तरी असं व्हायचं. शेवटच्या दिवशी तिला हात उचलणंही जमेना, नुसती बोटं चादरीवर हलायची. तेव्हा तिचा हात मीच उचलून तिच्या मोकळ्या गळ्यावर ठेवला.